पाण्याच्या दिवशी घरी कोण थांबतं?

प्रश्न, थोडक्यात: माझं वय २६. सोलापुरात पूर्व भागात राहते, एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पगार १९ हजार. फेब्रुवारीत लग्न आहे. मुलगा चांगला वाटतो. सासरचे म्हणतात, "नोकरी करू द्यायला आमची काही हरकत नाही." आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, ती म्हणते, नशीब समज. वडील चार वर्षांपूर्वी गेले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि लग्नाआधी हक्कसोडपत्रावर सही कर असं भाऊ म्हणतोय. सगळं नीट चाललंय असं सगळे सांगतात, मग मला झोप का लागत नाही? मी फार मागते आहे का?

उत्तर:

तुझ्या वयाची लेक मला आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते. गेली २४ वर्षं मी सोलापुरात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. समोरच्या खुर्चीत बसून "मी फार मागते आहे का" असं विचारणाऱ्या बायका मोजायचं मी कधीच सोडून दिलं. पुरुषानं हा प्रश्न विचारलेला मात्र मला एकदाही आठवत नाही.

आधी तुझ्या झोपेचं बोलू. ती 'करू द्यायला' या दोन शब्दांत अडकली आहे. देणाऱ्याला परतही घेता येतं, एवढं तुझ्या मनाला बरोबर कळलंय. लग्नानंतर जावयाला नोकरी करू द्यायला आमची हरकत नाही, असं तुझी आई म्हणाली असती तर मांडवात हशा पिकला असता. तुझ्याबाबतीत तेच वाक्य मोठ्या मनाचं ठरलं.

ही परवानगी परत कशी घेतली जाते ते ऐक. "उद्यापासून जाऊ नकोस" असं हल्ली कुणी म्हणत नाही. सासूचे गुडघे दुखायला लागतात. नणंद बाळंतपणाला येते. लेकराला ताप येतो आणि रजा कुणी काढायची यावर चर्चाच होत नाही. मग एका रात्री नवरा अगदी प्रेमानं हिशोब मांडतो: रिक्षाला एवढे, डब्याला एवढे, पाळणाघराला एवढे, उरतं काय? दीड-दोन वर्षांत बाई स्वतःच सांगायला लागते, "जमेना म्हणून सोडली." कुणी सोडायला लावली नाही, असं ती शपथेवर सांगेल आणि ते खोटंही नसेल.

बायका कमवायला लागल्या की घरातल्या रीती आपसूक बदलतात, असं भाषणांत फार ऐकायला मिळतं. भाषण करणाऱ्याला एकदा आपल्या पूर्व भागात आणून सोडावं. इथं बायका तीन-चार पिढ्यांपासून कमावतायत. १८७७ साली जुनी मिल निघाली, पाठोपाठ बाकीच्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं मागाच्या ओढीनं इथं येत राहिली. पुरुष मिलमध्ये आणि मागावर, बायका विडीला, असा या गावाचा संसार बसला. पुढं जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे एकेक करून बंद पडले. कमावता पुरुष घरी बसला आणि हजारो घरांची चूल विडीवर पेटती राहिली. आता सांग, त्या घरांतल्या रीती बदलल्या? गिरणी गेलेला माणूस चौकातल्या कट्ट्यावर बसला. त्याची बायको विड्या वळता वळता उठून त्याला भाकरी वाढायची आणि परत सूप मांडीवर घ्यायची.

तुझ्या आईचं काम तुला सांगायला नको, पण ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्री पानं भिजत घालायची. सकाळी ती पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड बंद करायचं. हात बसलेली बाई दिवसाला हजार विड्या करते, पण त्या हजारात शाळेतून आलेल्या पोरीनं बंद केलेली तोंडं असतात आणि सासूनं कापलेली पानंही. पैसे एकीच्याच, कारखान्यानं दिलेल्या कार्डावर मिळतात. मग कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. पान कमी मिळालं तर पदरमोड करून बाजारातून आणायचं. पाठ, मान, डोळे आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला या गोष्टी कुठल्याच हिशोबात धरत नाहीत.

आता याच बाईला विचारा, "तुम्ही काय करता?" ती म्हणते, "काही नाही, घरीच असते. विड्या वळते." १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यानं घरी बसून वळणारीलासुद्धा कामगार म्हटलं, सरकारनं तिला ओळखपत्र दिलं. दिल्लीतल्या संसदेला ती कामगार दिसली. घरात, नवऱ्याला आणि तिला स्वतःला ती 'घरीच' दिसते. घरी बसून केलेलं काम घरकामात जमा होतं, आणि घरकाम म्हणजे तर काहीच नाही.

सोयरिकीत मात्र हे 'काही नाही' बरोबर मोजलं जायचं. मुलगी बघायला आलेले लोक "हात आहे का" असं विचारायचे, म्हणजे विडी किती झपाझप वळते. कार्ड आहे का, हेही विचारायचे. माझ्याकडे आलेल्या एका आजीनं सांगितलं होतं, "माझं कार्ड होतं म्हणून हुंड्यात सूट मिळाली." ती हे अभिमानानं सांगत होती आणि मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं. आज तुझा १९ हजारांचा पगार त्या कार्डाच्या जागी आला आहे. स्थळ बघताना तो मोजला गेलाय, याची खात्री बाळग. म्हणजे पगार हवा आहे. 'हरकत नाही' ही फक्त बोलण्याची रीत आहे.

तर मग काय केलं की बदल होतो? माझ्या कामातून मला दोन गोष्टी दिसल्या: कागदावर नाव कुणाचं, आणि घरातलं काम कोण उचलतं. बाईनं कितीही कमावलं आणि या दोन गोष्टी जागच्या जागी राहिल्या, तर तिच्यावर एक ओझं वाढतं, एवढंच.

कागदाचं मला सोलापूरजवळच्या कुंभारी गावानं शिकवलं. महिला विडी कामगारांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं तिथं दहा हजार घरांची वसाहत झाली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांना मिळाली. (पुढं असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी दिली. राजकारण कुणाला काय आवडतं ते आवडो, घर ते घर.) त्या वसाहतीत राहायला गेलेल्या एका बाईची केस मी आधीपासून बघत होते. गावात भाड्याच्या खोलीत असताना नवरा दारू पिऊन आला की म्हणायचा, "निघ माझ्या घरातून." ती लेकरं घेऊन बहिणीकडं जायची आणि आठवड्यानं परत यायची. घरकुलात गेल्यावर पहिल्यांदा तो तेच म्हणाला, तेव्हा ती आतून कागदांची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "वाच." तो वाचू शकत नव्हता, ही आणखी एक गंमत. त्यानं दारू सोडली असं मी सांगणार नाही, कारण नाही सोडली. 'निघ' हा शब्द मात्र सोडला. माझ्या दहा बैठकांनी जे झालं नव्हतं ते एका पिशवीनं केलं.

दुसरी गोष्ट कामाची, आणि ती मी तुला पाण्यावरून सांगते, कारण सोलापुरात सगळ्या गोष्टी शेवटी पाण्यापाशी येतात. उजनी धरण भरून वाहू दे नाहीतर कोरडं पडू दे, आपल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनीच. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी रात्री दोनला. पाणी येईल त्या वेळी घरात कुणीतरी हवं: मोटर लावायला, टाकी, पिंप, बादल्या, कळशा भरायला, जुनं पाणी ओतून भांडी घासायला, धुणं काढायला. हे 'कुणीतरी' कोण, ते मी शेकडो घरांत विचारलंय. उत्तर देताना लोकांना प्रश्नच कळत नाही.

एका तयार कपड्यांच्या कारखान्यातल्या मशीनवरच्या बाईची गोष्ट. तिच्या हजेरीपटात दर चार-पाच दिवसांनी खाडा. हजेरी भत्ता गेला, मग लाईन बदलली, मग "बायका नियमित नसतात" म्हणून मालकानं सुपरवायझरची जागा तिच्यापेक्षा नवख्या पुरुषाला दिली. घरी नवरा म्हणाला, "बघ, दहा वर्षं करूनही तुला कुणी वर घेत नाही. सोडून दे." नळाच्या वेळापत्रकापासून नोकरी सुटण्यापर्यंतची ही साखळी आहे. तिच्या प्रत्येक कडीला एक समजूतदार कारण आहे आणि कुठंच कुणी दुष्ट नाही. म्हणून तर ती तुटत नाही.

आकडाच हवा असेल तर केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत देशभरचा आहे: आपल्या घरचं काम करणारी बाई त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. जे पुरुष हात लावतच नाहीत ते या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत, हे ध्यानात घे. नोकरीवरून आल्यावर बाईच्या वाट्याला काय शिल्लक राहतं ते तूच मांड.

पुरुषांनाही ही रीत सुखानं जगू देत नाही, हे मला सांगितलं पाहिजे. यंत्रमागावर काम करणारा एक नवरा मला माहीत आहे. बायको परिचारिका, तिची रात्रपाळी. हा माणूस पाणी भरायचा, पण दाराला आतून कडी लावून आणि दिवा मालवून. धुणं गच्चीवर न घालता आतल्या खोलीत दोरीवर. का, तर गल्लीनं एकदा बघितलं होतं आणि मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत त्याला 'बायल्या' म्हणून झालं होतं. आपल्या गावात चेष्टेला भाषेची अडचण येत नाही. मी त्याला म्हटलं, दिवा लावा हो. तो म्हणाला, "मॅडम, काम करायची लाज नाही, दिसायची आहे." तुझा होणारा नवरा चांगला वाटतो म्हणतेस, असेलही. पण चांगुलपणा चार भिंतींत असतो आणि रीत गल्लीत असते. तो गल्लीसमोर कसा वागतो, ते बघ.

सासूबद्दल सगळ्या मुली मला एकच विचारतात: पगार हातात मागितला तर? पहिला पगार देवापुढं ठेवून सासूच्या हातात द्यावा, अशी पद्धत बऱ्याच घरांत आहे. पहिला दे, आनंदानं दे. दर महिन्याचा देऊ नकोस. पण सासू तो का मागते, हे समजून घे, म्हणजे तुझा राग कमी होईल. तिच्या नावावर काय आहे? बहुतेक काहीच नाही. माहेरचं तिनं सोडून दिलं, घर सासऱ्यांच्या नावावर, विड्यांचे पैसे संसारात गेले. म्हातारपणाची तिची पेन्शन म्हणजे मुलगा. सून कमावती आणि मुलगा सुनेच्या बाजूनं, म्हणजे पेन्शन बुडाली, असं तिच्या पोटात धस्स होतं. ती वाईट असण्याचं काही कारण नाही, ती भ्यालेली आहे. लग्नानंतर सहा महिन्यांत तिच्या नावानं थोडी रक्कम दरमहा स्वतःहून सुरू कर, तिच्याच खात्यात. मी हे अनेक जणींना सांगितलं आहे आणि निम्म्या जणींना तरी उपयोग झालाय. पगाराचं खातं, एटीएम कार्ड आणि पिन मात्र तुझ्याकडेच. मोबाईलवर येणारा बँकेचा मेसेजसुद्धा तुझ्याच नंबरावर येऊ दे. लग्नानंतर 'सोयीसाठी' नवऱ्याचा नंबर जोडलेल्या किती खात्यांची रड मी ऐकली आहे, सांगता सोय नाही.

पुढं घर घ्याल तेव्हा हप्ता तुझ्या पगारातून आणि कर्ज-करार त्याच्या नावावर, असं होऊ देऊ नकोस. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. हे कारण सासऱ्यांनाही पटतं. तत्त्वापेक्षा एक टक्का लवकर पटतो, हा माझा अनुभव. लग्नातल्या सोन्याच्या पावत्या तुझ्या नावानं कर. स्त्रीधन बाईचंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलंय, पण पावती नसली की कोर्टात सगळ्या पाटल्या सासूच्याच निघतात.

नावाचंही जाता जाता. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. तुझी पदविका, पीएफ, बँक सगळं माहेरच्या नावावर आहे. बदलायचं असेल तर सगळीकडं एकदम बदल, नाहीतर कुठंच नको. अर्धवट बदललेल्या नावापायी लाडकी बहीणचा अर्ज अडकलेल्या बायका रांगेत उभ्या मी पाहिल्या आहेत.

आता हक्कसोड. तुझ्या पत्रातली खरी घाईची गोष्ट ही आहे, आणि तू ती शेवटी, एका ओळीत लिहिलीस. बायका नेहमी असंच करतात.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि घर त्यांनी स्वतः घेतलेलं असेल, तर हिंदू वारसा कायद्यानं आई, भाऊ आणि तू तिघांचा सारखा हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर तीही वाटेकरी, म्हणजे चौघं. घर वडिलोपार्जित असलं तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानं वाटेकरी आहे, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला जिवंत असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून हिस्सा जात नाही. भावाचं 'लग्नाआधी कर' हे म्हणणं कायद्यातून आलेलं नाही. लग्नात दबाव टाकायला सोपं जातं, म्हणून आलंय. कार्य तोंडावर, पाहुणे घरात, त्यात कोण 'नाही' म्हणणार? (हे सगळं हिंदू कायद्याचं. मुस्लिम आणि ख्रिश्चन बहिणींचे नियम वेगळे आहेत, त्यांनी यावर विसंबू नये.)

भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला वाटतं, बहिणीच्या लग्नाचा खर्च मी करतोय, दिवाळी-पंचमीला चोळी-बांगडी मी करणार, मग घर माझं. हा सौदा पिढ्यान्पिढ्या चालत आलाय: बहिणीनं हिस्सा सोडायचा आणि बदल्यात माहेरचं दार उघडं राहायचं. त्यातली मेख अशी की दार उघडं ठेवणं भावाच्या मर्जीवर, आणि पुढं वहिनीच्या. सही मात्र कायमची. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून 'मला कळलं नव्हतं' म्हणून रद्द करून घेणं फार अवघड असतं. नवऱ्याच्या घरातून निघावं लागलेली बाई माहेरी येते तेव्हा तिला आसरा मिळतो तो पाहुणी म्हणून, आणि पाहुणीची मुदत आठवड्याच्या आत संपते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बायका जिथून येतात ते ठिकाण हेच आहे.

काय म्हणायचं, ते सांगते. 'नाही' म्हणू नकोस, भांडण पेटेल. म्हण, "दादा, लग्नाच्या गडबडीत कागद नको. वर्षभरानं शांतपणे बसू." वर्षभरानं सगळं समजून, मनापासून तुला भावाला द्यावंसं वाटलं, तर दे. मी स्वतः माझा हिस्सा भावाला दिलाय, पण वयाच्या ४१ व्या वर्षी, माझं स्वतःचं घर झाल्यावर. त्यात आणि मांडवाच्या दारात सही करण्यात फरक आहे. भाऊ रुसला तर? रुसेल. दोन-चार सण कोरडे जातील. माहेर तुटतं या भीतीला मी हलकं लेखत नाही, ती आपल्याकडची सगळ्यात मोठी भीती आहे. पण एका 'थांब' नं तुटणारं माहेर सही केल्यावर टिकलं असतं, असं मला वाटत नाही.

याच कायद्यातलं एक कलम ऐकून बायका ताडकन उठतात. तू स्वतः कमावलेलं तुझ्या पश्चात कुणाला जाईल? मृत्युपत्र नसेल तर कलम १५ प्रमाणं आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तुझी आई त्याच्यानंतर. म्हणजे मूलबाळ नसलेल्या विधवेनं लॅबमध्ये उभं राहून साठवलेले पैसे दिराला जाऊ शकतात आणि जिनं तिला शिकवलं ती आई रांगेत मागं. (आईवडिलांकडून वारशानं आलेलं मात्र, मुलंबाळं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडं परत जातं.) लग्नाच्या खरेदीत एक दिवस साध्या मृत्युपत्रासाठी काढ. अशुभ वगैरे काही नसतं त्यात.

मूल होण्याचं फार लिहीत नाही, त्या वेळी परत ये. एवढंच विचारून ठेव की लॅबमध्ये दहा किंवा जास्त माणसं आहेत का. असतील तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा तुझा हक्क आहे. छोट्या लॅबमध्ये मालकाच्या मनावर.

राहता राहिला तुझा नवरा. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा होतो, तुला सांगायला नको. कुंभाराच्या लेकीला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं, ते तपस्वी, मग योगदंडाशी लग्न लागलं, अशी कथा. तो सोहळा होतो त्या जागेचं नाव संमती कट्टा. मी दरवर्षी पांढऱ्या गर्दीत उभी राहून अक्षता टाकते आणि दरवर्षी माझ्या मनात तेच येतं: लग्नाच्या जागेला 'संमती' हे नाव देणारं गाव आहे आपलं, आणि माझ्याकडच्या लग्नांत मुलीला शेवटचं काय विचारलं होतं? साडीचा रंग.

तेव्हा तू विचार. लग्नाआधी त्याच्याशी एकटीनं बोलायची सोय असेल, नाहीतर फोन आहेच. मुलाखत घेतल्यासारखं नको. "तुमच्याकडं पाणी कधी येतं?" एवढंच विचार. मग, "आलं की घरी कोण थांबतं?" आणि मग, "लग्नानंतर कोण थांबेल?" तिसऱ्या प्रश्नावर तो हसण्यावारी नेतो, की आई बघेल म्हणतो, की गप्प होऊन विचार करतो, त्यावर लक्ष ठेव. गप्प होणाऱ्याला माझी पसंती. "आपण पाळी लावू" असं लगेच म्हणणाऱ्यावर जरा सावध राहा, लग्नाआधी सगळेच पाळी लावतात. पण मार्चमध्ये पाणी रात्री दोनला येईल तेव्हा त्याला उठवायचं, दिवा लावायचा आणि पहिल्या दिवसापासून उठवायचं. पहिले तीन महिने तू एकटीनं 'नवी नवरी' म्हणून केलंस की ती तुझीच पाळी झाली, पुढं वीस वर्षं.

आणि तुझी आई. 'नशीब समज' म्हणणाऱ्या आईवर चिडू नकोस. तिची फूटपट्टी तिच्या आयुष्याची आहे. तिच्या बरोबरीच्या किती जणींची लग्नं अठराच्या आत झाली ते विचार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या फूटपट्टीवर तू खरंच फार पुढं आहेस.

पण एक काम कर. भावानं हक्कसोडचा कच्चा मसुदा केला असेल तर तो माग आणि हक्क सोडणाऱ्यांच्या यादीत आईचं नाव आहे का ते बघ. बहुतेक असतं. वकील म्हणतो, एकदाच होऊन जाऊ दे, आणि आई अंगठा उठवते, कारण पोराकडं राहायचंच आहे. तीस-चाळीस वर्षं वळलेल्या विड्यांवर उभं राहिलेलं घर, आणि त्यात तिचा कागदोपत्री हिस्सा शून्य. तिच्या पीएफला वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, तेही बघून घे. मसुद्यात तिचं नाव असेल तर मला तुझ्याआधी तिला भेटायचं आहे. घेऊन ये तिला, सकाळी अकरानंतर कधीही. फक्त पाण्याचा दिवस सोडून.